सहीआधीची रिकामी जागा

मित्रांनो, मी शाईचा एक जुना पेन आहे, आणि आधीच कबूल करतो, थोडा घमेंडीही आहे. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, पण मी कोणाच्या सदऱ्यावर एकही डाग पाडला नाही. एवढी घमेंड मला शोभते, असे मला तरी वाटते.

माझे अंग काळ्या एबोनाइटचे. मला पिरगाळून उघडायचे, ड्रॉपरने पोटात थेंब थेंब शाई सोडायची आणि घट्ट आवळायचे. रबराची नळी नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला ठाऊक नाही. एक लेथ आठवतो, त्यावर गरगर फिरताना आलेली भोवळ आठवते, आणि निब बसवल्यावर कागदावर ओढून पाहणारा एक कारागीर आठवतो. त्याने तीनदा ओढून पाहिले आणि मान हलवली. नंतर मी रेल्वेच्या पेटीतून गोंदियाला आलो आणि बाजारातल्या एका दुकानाच्या काचेत बसलो.

स्वातंत्र्य मिळायला तेव्हा सात-आठ वर्षे होती. तिरोड्याकडच्या एका खेड्यातले मास्तर दुकानात आले आणि मला घेऊन गेले. मला वाटले, आता शाळेत जायचे, हजेरीपटावर मिरवायचे. कसले काय! मास्तरांच्या मुलीचे लग्न होते. पितळेची भांडी, एक गाय आणि मी, असे आम्ही तिच्या आंदणात नागरा गावाच्या पलीकडच्या आंबाटोल्याला गेलो. मांडवातल्या बाया पदराआड हसल्या. "मास्तराले याड लागलं का? पोरीले पेन कायले?" असे एक जण मोठ्यानेच म्हणाली. गाईला सगळ्यांनी हळदकुंकू लावले. माझ्याकडे कोणी बघितले नाही.

त्या मुलीचे नाव सुमित्रा. मराठी चौथी पास. तिचे अक्षर असे की शाईसुद्धा आपण होऊन नीट वाहायची. तिच्या शिरोरेषा ताणलेल्या दोरीसारख्या सरळ आणि अक्षरे सारख्या अंतरावर, जणू चिखलात ओळीने रोवलेला धान. मास्तरांनी वेताच्या छडीने ते वळण लावले होते. पण सासरी येऊन दोन वर्षे झाली तरी तिला लिहायचे काही कारणच पडले नाही. मी धान साठवायच्या ढोलीवर एका डब्यात पडून राहिलो. शाईची वाळलेली चव तोंडात घेऊन पडून राहण्याचा तो माझा पहिला अनुभव.

तिचा नवरा उदाराम. उंच, सावळा, नांगराला बैल जुंपून धानाची पाच-सहा खाचरे, म्हणजे आमच्याकडच्या बांध्या, कसणारा. आवाज असा की तलावाच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून पाहायचा. आमच्याकडे शेती तलावाच्या पाण्यावर. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा. तलावाचे पाणी सोडायचे दार, म्हणजे तुडुम, त्याच्या माणसांच्या ताब्यात. जवळच्या शेतांना पाणी आधी मिळे, आणि शेवटच्या बांधीपर्यंत ते पोचायच्या आत धान वाळून जाई. उदाराम याविरुद्ध बोलायला उठला आणि लोक त्याच्यामागे उभे राहिले. पण एका वर्षी मालगुजाराच्या दिवाणजीने कागद पुढे केला, "पाण्याची पाळी मंजूर झाली, अंगठा लावा" असे सांगितले, आणि उदारामने अंगठा लावला. त्या कागदात लिहिले होते की शेवटच्या बांध्यांना पाणी नको आहे. कारण मित्रांनो, तालुक्यात ज्याचे नाव गाजू लागले होते, त्या उदारामला लिहिता-वाचता येत नव्हते.

त्या दिवशी तो जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. सुमित्राने ढोलीवरचा डबा काढला, मला कोमट पाण्यात धुतले, पोटात शाई भरली आणि म्हणाली, "सांगा. मी लिवतो."

तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले. दुपारची जेवणे उरकली की ती ढोलीला टेकून बसायची, मांडीवर पाट घ्यायची. तो अंगणात येरझारा घालत सांगायचा. सांगायचा म्हणजे काय, गर्जायचा. "लिव, त्या हरामखोराले म्हणा, तुह्या बापाचा तलाव हाये का?" मी सुमित्राच्या बोटांत असायचो आणि कागदावर उमटायचे: 'मालगुजार साहेबांस विनंती आहे की, तलावाच्या मालकीचा विचार व्हावा.'

"लिवलं का?" तो विचारायचा.

"लिवलं."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं," ती डोळेही वर न उचलता सांगायची. मला हसू आवरायचे नाही, पण पेन हसला तर शाई सांडते, म्हणून मी गप्प राहायचो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. सुमित्रा नवऱ्याचे नाव कधी तोंडाने घेत नसे. त्या काळी कोणतीच बाई घेत नसे. घरात 'ते', बाहेर 'घरचे', एवढेच. आणि रोज त्या पत्रांच्या शेवटी तिला तेच नाव लिहावे लागे! मजकूर संपला की ती थांबायची. मला कागदावरून उचलायची, डाव्या हाताने पदर कपाळापर्यंत ओढायची, दाराकडे एकदा बघायची. मग दोन बोटे जागा सोडून, बाकीच्या अक्षरांपेक्षा लहान अक्षरांत, हलक्या हाताने लिहायची: 'उदाराम'. तेवढ्या चार अक्षरांना तिची बोटे गरम व्हायची. मित्रांनो, मी पुढे कितीतरी सह्या पाहिल्या, पण इतकी लाजरी सही दुसरी पाहिली नाही. तोही काही कमी नव्हता. त्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही. "आयकून राहिली का?" हेच तिचे नाव.

लोकांनी पत्रे पाहिली आणि त्यांचा समज झाला की उदाराम लिहायला शिकला. 'आपल्यासारखा नांगर धरणारा माणूस, आणि अक्षर पाहा कसं!' अशी कुजबुज आसपासच्या वाड्या-टोल्यांत झाली. दिवाणजीसुद्धा कागद पुढे करताना दोनदा विचार करू लागला. उदारामला हे पचत नव्हते. "लोकाइले सांगून टाकतो. हे खोटं होय," तो म्हणायचा.

"काही सांगू नोका," सुमित्रा म्हणायची. "त्याइच्या पाठीचा कणा आत्ता कुठं सरळ झाला. बायकोनं लिवलं म्हटलं तं दिवाणजी हसल, अना मंग हे बी वाकतीन."

लग्नाला पाच वर्षे होत आली तेव्हा ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. जाताना मला घेऊन गेली नाही, आणि ते बरेच झाले. काही आठवड्यांनी निरोप आला: मुलगी झाली. उदाराम दिवसभर अंगणात फिरत राहिला. बायकोला पत्र लिहायचे होते. पण सांगायचे कोणाला? सगळे गाव समजते की हा स्वतः लिहितो. आणि स्वतःच्या बायकोला लिहायचे ते दुसऱ्याकडून लिहून कसे घ्यायचे?

शेवटी त्याने मलाच धरले. नांगराची मूठ धरतात तसे! सुमित्राने त्याला पाटीवर थोडी अक्षरे गिरवून दाखवली होती, तेवढ्या भांडवलावर तो बसला. माझ्यावर एवढा भार कधीच पडला नव्हता. कागद दोन ठिकाणी फाटला. माझी निब फाकली, आणि ती फट अजून आहे, कोणीही भिंगातून बघावी. काना-मात्रा भलतीकडे, शिरोरेषा कुठे आहे, कुठे नाही, ओळ चालता चालता खाली घसरलेली. बत्तीस वर्षांचा माणूस घाम पुसत दोन दिवस एका कागदावर झटत होता. मी तेव्हा चिडलो होतो. आता मात्र त्या दोन दिवसांची आठवण आली की ती फट मिरवावीशी वाटते.

त्या पत्रात त्याने पहिला शब्द लिहिला तो 'सुमित्रा'. जे तोंडाने कधी म्हटले नाही, ते. खाली लिहिले: 'पोरगी झाली आयकलं. बेस झालं. हे मी सोता लिवून राहिलो. तुह्या अक्षरानं लोकं मले वळखतेत. पानी भेटलं का मी भर सभेत सांगीन का हे अक्षर तुहं होय.' खाली सही नाही. कदाचित कागद संपला, कदाचित जोर.

सुमित्रा मुलीला आणि ते पत्र घेऊन परतली, माझी फाकलेली निब पाहिली आणि नखाने दाबून दाबून जमेल तेवढी मिटवली. ओरडली नाही. पत्राची बारीक घडी करून तिने ती माझ्या डब्यात, माझ्याखाली ठेवले. तेव्हापासून तो कागद माझा शेजारी आहे.

पुढे मोठ्या दुष्काळी वर्षी, मालगुजारी गेली आणि तलावाचा कारभार गावाकडे आला तेव्हा, उदारामने ते पत्र सांगितले जे आजही आंबाटोल्यात लोकांना तोंडपाठ आहे: 'तलाव कोणा एकाचा नाही. यंदा पाणी आधी शेवटच्या बांधीत सोडावे. माझ्या बांधीत उरले तर सोडावे.' त्याची स्वतःची बांधी तुडुमाजवळ होती, हे लक्षात घ्या. त्या साली त्याचा अर्धा धान गेला, पण शेवटची बांधी पिकली. गावाने सभा भरवली, हार आणले. उदाराम बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "आज एक गोष्ट सांगाची हाये." बायकांच्या बाजूने कोणीतरी जोरात खाकरले. मी त्याच्या खिशात होतो, मला खाकरणे ओळखू आले. तो तसाच खाली बसला. ती गोष्ट सांगायची राहिलीच. कापणीच्या दिवसांत एकदा शेतातून आला आणि अंगणातच कोसळला, तेव्हाही ती त्याच्या मनातच होती.

सुमित्राबाई त्यानंतर बरीच वर्षे जगल्या. पण नवरा गेल्यावर त्यांनी मला पुन्हा हातात घेतले नाही. त्यांची मुलगी शामकला मास्तरीण झाली. आजोबांचे गुण आले म्हणायचे. ती मला शाळेत घेऊन जायची. मी मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहिले. सुमित्राबाई शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा त्यांनी शामकलाबाईंचा हात धरला. "माह्या मांगं कोणाले सांगजो नोको. तुह्या बाबूजीचं नाव उनं होईन. आन घे माही." शामकलाबाईंनी रडत रडत आण घेतली.

मग बॉलपेन आले. आमच्या जातीचे दिवस फिरले. शामकलाबाईंच्या मुर्री गावातल्या घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर, जुना चष्मा आणि डांबरगोळ्या यांच्या सोबतीने मी वीस-पंचवीस वर्षे काढली. पोटातली शाई वाळून तिचे खडे झाले. खालून तो वेडावाकडा कागद मऊ लागायचा, एवढीच सोबत. रागही यायचा. ज्याने तालुका हलवला, त्याने डांबरगोळ्या हुंगत पडायचे?

मागच्या वर्षी एके सकाळी कपाट उघडले. शामकलाबाईंचा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा, इंद्रकुमार आला होता. त्याचे गोंदियाला बियाण्यांचे दुकान, आणि आंबाटोल्याच्या वाचनालयाचा तो सचिव. वाचनालयाला नवी इमारत झाली होती, उदारामचे नाव दिले होते. प्रवेशाशी मोठा दगड बसवायचा, त्यावर ते पाण्याचे पत्र उदारामच्या अक्षरात जसेच्या तसे कोरायचे, आणि खाली लिहायचे, 'उदारामजींचे हस्ताक्षर', असे ठरले होते.

"आत्या, आज्याचा पेन दे ना. काचेत ठेवू. फुल इज्जत से," तो म्हणाला. "रविवारी बैठक हाये. गोंदियाचे देवानंद सर येऊन राहिले, अक्षरावरून स्वभाव सांगतेत. सब के सामने आज्याचा स्वभाव सांगतीन, मंग दगडाचं काम सुरू."

शामकलाबाई ऐंशी वर्षांच्या. त्यांनी मला डब्यातून काढले आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. त्यांच्या हाताचा भार मी ओळखतो. तो हात द्विधा होता. दगडावर एकदा कोरले की संपले. आईचे अक्षर कायमचे वडिलांचे होणार, आणि वडिलांचे खरे अक्षर कधी होते हेही कोणाला कळणार नाही. सांगावे तर आईची आण मोडते. न सांगावे तर आईच पुसली जाते. मित्रांनो, मी पेन. मला जीभ आहे, पण ती शाई पुरवायला निबखाली बसते, बोलत नाही.

रविवारी दुपारी आम्ही आंबाटोल्याला गेलो. नव्या इमारतीत अजून चुन्याचा वास होता. गाव जमले होते. लाल कापडावर मला ठेवले, शेजारी ते पाण्याचे पत्र. देवानंद सर निवृत्त शिक्षक. पांढरा सदरा, गळ्यात दोरीला भिंग. माणूस सरळ वाटला. त्यांनी पत्र उजेडात धरले आणि सांगू लागले.

"शिरोरेषा पाहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही डगमग नाही. हा निश्चयाचा माणूस. अक्षरांमधले अंतर सारखे. हा न्यायाने वागणारा, सर्वांना सारखे मापणारा. दाब बेताचा. राग आला तरी गिळणारा, अतिशय संयमी."

संयमी! मागे बसलेले नव्वदीचे श्यामलाल खुदकन हसले. त्यांनी उदारामच्या शिव्या लहानपणी प्रत्यक्ष ऐकल्या होत्या. पण म्हातारपणाचा खोकला समजून कोणी लक्ष दिले नाही.

"आणि हे सर्वांत महत्त्वाचे," सर म्हणाले. "सही करण्याआधी हा माणूस थांबतो. मजकूर आणि नाव यांच्यात जागा सोडतो आणि नाव बारीक लिहितो. ज्याला मोठेपणा नको, तोच असे करतो. पुढारी असून ज्याच्यात 'मी'पणा नाही, अशा माणसाचे हे अक्षर आहे."

टाळ्या पडल्या. इंद्रकुमारचा ऊर भरून आला. मी लाल कापडावर पडल्या पडल्या शामकलाबाईंकडे बघत होतो. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या उठल्या, डब्यातून घडी केलेला कागद काढला आणि वरचा भाग बोटाखाली दाबून, मधल्या ओळी तेवढ्या दिसतील असा सरांपुढे धरला.

"सर, याचं बी सांगा."

सरांनी भिंग लावले. "हा कोणी जेमतेम शिकलेला दिसतो. ओळ खाली घसरते, म्हणजे स्वतःवर भरवसा नाही. दुसऱ्याच्या आधाराशिवाय याचे पाऊल पडायचे नाही. पुढारीपण वगैरे याच्या हातून..." लोक हसले. सर मात्र थांबले, पुन्हा वाकले. "पण दाब विलक्षण आहे. कागद फाटलाय. जे बोलायचे ते बोलल्याशिवाय हा माणूस सोडणार नाही. कोणाचे आहे हो हे?"

"माह्या बाबूजीचं," शामकलाबाई म्हणाल्या. "उदारामचं."

हसणारी तोंडे तशीच उघडी राहिली.

"अना ज्याची तुमी आत्ता स्तुती केली, ते अक्षर माह्या मायचं होय. सुमित्राबाईचं. सारे कागद तिनंच लिवले. बाबूजी सांगत, माय लिवे."

"आत्या, ये क्या बोल रही हो?" इंद्रकुमार पुढे झाला, आवाज दाबत. "पेपरवाले बसले हायेत. आज्याले लिवता येत नोहतं म्हणून सांगून राहिली तू? इज्जत जाईल ना आपली."

"मायची आन होती मले, सांगू नोको म्हणून," त्या म्हणाल्या. "आज मोडली. पापीन होईन तं होईन. पण दगडावर खोटं कोरू देनार नाही." मग त्यांनी बोट काढले आणि तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. 'भर सभेत सांगीन का हे अक्षर तुहं होय.' इथे त्या थांबल्या. "बाबूजीचं सांगाचं राहून गेलतं. ते मी सांगितलं, एवढंच."

मला वाटले, आता लोक उठून जातील. सुमित्राबाईंना हीच तर भीती होती. तेवढ्यात श्यामलाल काठी टेकत उभे राहिले. त्यांच्या वडिलांची शेवटची बांधी.

"आमच्या बांधीत पानी आलतं," ते म्हणाले. "आमी जेवलो त्या साली. ते अक्षरानं आलतं का बोलन्यानं, हे मले माहीत नोहतं. आत्ता समजलं, दोघाइनं मिळून आनलं. इंद्रकुमार, इज्जत कायले जाईन बाप्पा? एकाची होती, दोघाइची झाली."

इंद्रकुमार खाली बसला. देवानंद सरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, अक्षर मी बरोबर वाचले," ते हळूच म्हणाले, "माणूस भलताच धरला. पण मग सहीआधीची ही जागा?"

शामकलाबाईंनी सांगितले: तो थांबणारा हात, तो पदर, ते दाराकडे बघणे. लहानपणी मांडीशी बसून त्यांनी रोज पाहिलेले. मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्या बायांनी आपोआप पदर सावरले. एक जण डोळे टिपत होती.

सरांनी नंतर मला कोमट पाण्यात तीनदा धुतले, निब स्वच्छ केली, नवी शाई भरली. वीस-पंचवीस वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी गेले. ते मला भिंगाखाली धरून फाकलेली निब किती वेळ पाहत होते. काय वाचले त्यांनी, कोण जाणे. मला मात्र एवढे कळले, मित्रांनो, की अक्षरावरून माणूस ओळखता येतो, पण त्याआधी लिहिताना कोण कुठे बसले होते हे कोणाला तरी विचारावे लागते.

दगड ठरल्याप्रमाणे आला. वर पाण्याचे पत्र, सुमित्राबाईंच्या अक्षरात, शेवटी दोन बोटे रिकामी जागा आणि बारीक 'उदाराम'. खाली काय कोरायचे यावर वाचनालयात चार दिवस वाद झाला. शेवटी शामकलाबाईंनी त्या घडीच्या कागदाचा वरचा कोपरा कोरणाऱ्या वीरेंद्रपुढे ठेवला. तिथे एकच शब्द होता: 'सुमित्रा'. मोठा, वाकडा, घसरलेला.

वीरेंद्र चांगला कारागीर. त्याने कागद बघून डोके खाजवले. "बाई, हे अक्षर लय वाकडं हाये. वरच्यासारखं सरळ करून देऊ का? दगडावर चांगलं दिसन."

"हात लावू नोको त्याले," शामकलाबाई म्हणाल्या. "दोन दिस लागले होते बाबूजीले. जसं हाये तसंच कोर."

त्याने तसेच कोरले. आता येणारे-जाणारे सुंदर अक्षर वाचतात आणि वाकड्या नावापाशी येऊन थांबतात. मी काचेत नाही. शामकलाबाईंनी मला परत मुर्रीला नेले आणि रोज चार ओळी तरी लिहितात, म्हणून माझी शाई वाळत नाही. एकच मागणे आहे तुमच्याकडे. तुमच्या घरी एखाद्या डब्याच्या तळाशी कोणाचे तरी वेडेवाकडे अक्षर असेल. ते रद्दीत टाकण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कोणी लिहिले, आणि किती दिवस लागले.